विजेची गाडी थांबते कशी?

२६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सी, रिक्षा आणि बस यांचा एक एकत्रित प्रयोग सुरू झाला. ओला आणि महिंद्रा या दोन कंपन्यांनी त्यासाठी दोनशे वाहने रस्त्यावर आणण्याचे ठरवले होते. त्या निमित्ताने चर्चा झाली ती बॅटरीची. एकदा भरली की किती किलोमीटर जाणार, भरायला किती वेळ लागणार, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत तिचे काय होणार? पुढे चार्जिंगच्या रांगांबद्दल चालकांच्या तक्रारीही वर्तमानपत्रांत आल्या. गाडी चालते कशी याविषयी एवढे बोलले गेले. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. पेट्रोलच्या गाडीला असतो तसाच ब्रेकचा पेडल या गाडीतही असतो, तो दाबला की गाडी थांबते, मग त्यात विचारण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल.

विचारण्यासारखे पुष्कळ आहे. गेल्या दहाएक वर्षांत या पेडलच्या पलीकडे, बॉनेटखाली, मोठा बदल झाला आहे. पूर्वी चालकाच्या पायाचा जोर तेलामार्फत थेट चाकापर्यंत पोहोचत असे. आता अनेक नव्या गाड्यांत पाय फक्त ‘किती थांबायचे’ ते सांगतो. थांबवण्याचे काम एका हाताने उचलता येईल एवढा एक डबा करतो. हा डबा काय करतो, त्याची गरज का पडली आणि तो बिघडला तर काय, हे आपण या लेखात पाहू. त्याला लागणारे बहुतेक भौतिकशास्त्र आपण वर्गात शिकवतोच.

गाडी थांबणे म्हणजे काय?

गाडी थांबवायची म्हणजे तिच्यातली गतिज ऊर्जा काढून घ्यायची. समजा चालकासह गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे आणि ती ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने चालली आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, या सूत्राने तिची गतिज ऊर्जा साधारण १ लाख ६७ हजार ज्यूल येते. हा आकडा मुलांना नुसता सांगून उपयोग नाही. अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला नेमकी जवळपास एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे वर्धा रोडवरून साठच्या वेगाने जाणारी गाडी सिग्नलला थांबली की तिच्या ब्रेकमध्ये चार कप चहाचे पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते आणि हवेत उडून जाते. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगाने जाणारी हीच गाडी थांबवायची तर दोन लिटर पाणी उकळण्याएवढी उष्णता अवघ्या काही सेकंदांत चार तबकड्यांना पोटात घ्यावी लागते.

घाटाचे उदाहरण याहून बोलके आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गाडी, समजा, सातशे मीटर खाली आली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ८२ लाख ज्यूलच्या वर आकडा जातो. विजेच्या बिलाच्या भाषेत हे सव्वादोन युनिट झाले. एवढी वीज आपण विकत घेतो आणि पेट्रोलच्या गाडीत घाट उतरताना ती ब्रेक आणि इंजिन यांच्यामार्फत वाऱ्यावर सोडून देतो.

विजेच्या गाडीत ती परत मिळवता येते. मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत. वीज दिली तर ते फिरते, फिरवले तर ते वीज देते. शिवाय वीज देत असताना ते फिरवणाऱ्याला विरोध करते, आणि हा विरोध म्हणजेच ब्रेक. याचा प्रयोग अगदी सोपा आहे. खेळण्यातल्या गाडीतून काढलेली छोटी मोटर घ्या. तिची दोन्ही टोके मोकळी ठेवून आस बोटांनी फिरवा. मग दोन्ही टोके तारेने एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. बोटांना फरक लगेच जाणवतो. आस जड झालेली असते. लेन्झचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला हा जडपणा एकदा अनुभवू द्यावा, असे आम्हाला वाटते.

ही युक्ती नवी नाही. मुंबई–पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाच्या वेळी, १९२८च्या सुमारास, घाटासाठी स्वित्झर्लंडमध्ये घडवलेली विजेची इंजिने आली. त्यांच्या चमत्कारिक आकारामुळे आणि आवाजामुळे लोकांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले. घाट उतरताना ही इंजिने वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडू शकत. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. तीही स्थानक जवळ आले की मोटरांचे जनित्र करून २५ हजार व्होल्टच्या तारेत वीज परत देते. मोटारगाडीच्या डोक्यावर तार नसल्याने तिला ही वीज आपल्याच बॅटरीत साठवावी लागते, एवढाच फरक.

मग साधा ब्रेक काढूनच का टाकू नये?

कारण मोटरचा ब्रेक पुरा पडत नाही आणि भरवशाचाही नसतो. आपल्या गाडीची मोटर ६० किलोवॅटची आहे असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाला ती जास्तीत जास्त ३६०० न्यूटन इतके रोधक बल देऊ शकेल, कारण शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. त्याने गाडीचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होईल. सिग्नल पाहून सावकाश थांबायला हे भरपूर झाले. पण एखादे मूल चेंडूमागे धावत अचानक रस्त्यावर आले तर चालक करकचून ब्रेक दाबतो, आणि त्या वेळी आपल्याला सेकंदाला ८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरवायचा असतो. त्यासाठी लागतात ९६०० न्यूटन. उरलेले ६००० न्यूटन आणायचे कोठून? घर्षणातूनच. वेग जास्त असेल तर मोटरचा वाटा आणखी घटतो, कारण तिची शक्ती ठरलेली असते.

दुसरी अडचण बॅटरीची. चिखलदऱ्याच्या मुक्कामात कुणी रात्रभर बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी घाट उतरायला सुरुवात केली, तर नवी वीज ठेवायला जागाच नाही. भरलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखे ते होईल. बॅटरी फार थंड किंवा फार तापलेली असली तरीही ती वीज घेण्यात हात आखडते. शिवाय गाडी अगदी हळू, ताशी पाच-दहा किलोमीटरच्या खाली आली की मोटरचा ब्रेक नेमकेपणाने चालत नाही. शेवटचे थांबणे आणि उभे राहणे घर्षणावरच सोपवावे लागते.

म्हणून विजेच्या गाडीत दोन्ही ब्रेक हवेत, आणि कोणत्या क्षणी कोणाचा वाटा किती, हे कुणीतरी ठरवायला हवे. हे ‘ठरवणे’ हीच खरी गोम आहे. ते समजण्यासाठी आधी जुना ब्रेक नीट पाहू.

जुन्या ब्रेकची रचना

सलाइनच्या नळीच्या तुकड्याने दोन सिरिंज जोडा, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. दोन्हींत पाणी भरा, हवा राहू देऊ नका. लहान सिरिंजचा दट्ट्या एका विद्यार्थ्याने दाबावा आणि मोठीचा दुसऱ्याने धरून ठेवावा. लहान दट्ट्या दाबणारा सहज जिंकतो. द्रवातला दाब सगळीकडे सारखा, पण मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्यावरचे बल जास्त. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने सांगितलेल्या या नियमावर आजही जगातल्या बहुतेक मोटारी थांबतात. आता मुद्दाम नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवून प्रयोग पुन्हा करा. लहान दट्ट्या बराच आत जातो आणि मोठा जेमतेम हलतो, कारण हवा दाबली जाते. मेकॅनिक ‘ब्रेकमधली हवा काढायला हवी’ म्हणतो त्याचा अर्थ हा.

गाडीतले आकडे साधारण असे असतात. चालकाने पेडलवर २०० न्यूटन जोर दिला. पेडल ही तरफ आहे. तिने तो चौपट केला, ८०० न्यूटन झाले. एवढ्याने भागत नाही, म्हणून मध्ये बूस्टर असतो. मोठ्या थाळीसारखा दिसणारा हा पत्र्याचा गोल डबा पेट्रोलच्या गाडीच्या बॉनेटखाली चालकाच्या बाजूला सहज ओळखू येतो. त्याच्या आत एक रबरी पडदा असून पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिनाने ओढून घेतलेली असते. पेडल दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते आणि वातावरणाचा दाब पडदा पुढे ढकलतो. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर आणि दाबातला फरक वातावरणाच्या सत्तर टक्के धरला, तर या ढकलण्याचे बल ३४०० न्यूटनच्या आसपास येते. म्हणजे ब्रेक दाबताना आपल्या पायाच्या मदतीला चक्क वातावरण येते! पाय आणि बूस्टर मिळून धरू सुमारे ४००० न्यूटन. ते मास्टर सिलिंडरच्या २.२ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडले की ब्रेक ऑइलचा दाब वातावरणाच्या शंभरपटीवर जातो. तोच दाब चाकाजवळच्या ५.४ सेंटिमीटरच्या दट्ट्यावर आला की पॅड तबकडीवर २४ हजार न्यूटनने, म्हणजे जवळजवळ अडीच टन वजनाने दाबले जाते.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग आपल्याकडे आहेत. इंजिन बंद म्हणजे हवा ओढणे बंद. बूस्टरमध्ये साठलेली मदत दोन-तीन वेळा पेडल दाबण्यात संपते आणि मग पेडल दगडासारखा होतो. वाचलेले पेट्रोल किती महागात पडेल याचा हिशेब त्यांनी केलेला नसतो.

विजेच्या गाडीला तर इंजिनच नाही. पहिला उपाय म्हणून कारखानदारांनी हवा ओढायला विजेवर चालणारा एक छोटा पंप बसवला आणि बाकी सारे तसेच ठेवले. ते चालले, पण खरी अडचण तशीच राहिली. जुन्या रचनेत पेडल दाबला की तेल दाबले जाणार आणि पॅड तबकडीला लागणारच. सगळे काम मोटर करू शकत असतानाही पॅड मध्ये येऊन ऊर्जेची राख करते. ऊर्जा वाचवायची तर पेडल दाबला तरी तेल चाकाकडे जाऊ न देता अडवून ठेवता आले पाहिजे, आणि चालकाच्या पायाला मात्र काही वेगळे वाटता कामा नये. पाय आणि पॅड यांची फारकत करावी लागते, ती येथे.

डब्याच्या आत

ही फारकत करणारी यंत्रणा आता एकाच धातूच्या ठोकळ्यात बसवतात. मास्टर सिलिंडर, बूस्टर, चाके घसरू न देणारी एबीएस यंत्रणा आणि वळणावर गाडी भरकटू न देणारी यंत्रणा हे पूर्वीचे वेगवेगळे भाग त्यात एकत्र आलेले असतात. वर तेलाची पांढरी कुपी, मध्ये ठोकळा, एका बाजूला मोटर आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक मेंदू, असे त्याचे रूप असते. बॉश कंपनीने २०१३च्या सुमारास विजेवर चालणारा बूस्टर बाजारात आणला, पण त्याला एबीएसचा वेगळा डबा लागे. २०१६ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीचा एकत्रित डबा इटलीच्या अल्फा रोमिओ जुलिया या गाडीत आला. ती गाडी पेट्रोल-डिझेलवर चालणारी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डब्याचा फायदा फक्त विजेच्या गाडीला नाही. त्यानंतर बॉश, झेडएफ आदी कंपन्यांचेही एकत्रित डबे आले. आपल्याकडे चाकणला तयार होणाऱ्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांत पेडलची आज्ञा तारेतून नेणारी ब्रेक व्यवस्था आहे.

चालकाने पेडल दाबला की नेहमीप्रमाणे मास्टर सिलिंडरमधले तेल दाबले जाते. पण चाकांकडे जाणारी वाट दोन झडपांनी बंद केलेली असते. ते तेल एका छोट्या बाजूच्या कप्प्यात शिरते. तेथे स्प्रिंग आणि रबराचा गोळा असतो, आणि पायाला जो विरोध जाणवतो तो त्यांचा. थोडक्यात, पायाची समजूत काढण्यासाठी केलेला हा बनाव आहे! त्याच वेळी पेडल किती आणि किती झपाट्याने दाबला गेला हे संवेदक मोजतात. इलेक्ट्रॉनिक मेंदू त्यावरून ठरवतो की चालकाला, समजा, सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद एवढी घट हवी आहे. तो गाडीच्या मोटरला विचारतो, तुला किती जमेल? मोटर म्हणते, सगळे. मग तेल जागचे हलत नाही आणि सारी ऊर्जा बॅटरीकडे जाते. शहरातल्या रोजच्या चालवण्यात बहुतेक वेळा असेच घडते.

पण मागणी ८ची असेल तर डब्यातली मोटर एक आटे असलेला दांडा फिरवून दट्ट्या पुढे सरकवते, चाकांकडच्या तेलाचा दाब वाढतो आणि ६००० न्यूटनची उणीव पॅड भरून काढतात. गाडीचा वेग उतरत जातो तसतशी ही वाटणी बदलत राहते. चालकाला यातले काहीच कळू नये अशी अपेक्षा असते.

वेगाचाही मुद्दा आहे. जुनी यंत्रणा पूर्ण दाब उभा करायला जो वेळ घेई, त्याच्या साधारण निम्म्या वेळात, सुमारे दीडशे मिलिसेकंदांत, हे डबे तो उभा करतात असा कारखानदारांचा दावा आहे. दीडशे मिलिसेकंद वाचले तर साठच्या वेगाला अडीच मीटर आणि एकशेवीसच्या वेगाला पाच मीटर अंतर वाचते. समोर माणूस असेल तर अडीच मीटर फार झाले.

या वाटणीतली सर्वांत नाजूक जागा म्हणजे निसरडा रस्ता. मोटर वेग उतरवत असताना चाक अचानक ओल्या पट्ट्यावर किंवा लोखंडी झाकणावर आले आणि घसरू लागले, तर मोटरचा ब्रेक ताबडतोब मागे घ्यावा लागतो आणि तेलाच्या ब्रेकने सूत्रे हाती घ्यावी लागतात. या अदलाबदलीत क्षणाची फट राहिली तर गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. टोयोटाच्या प्रियस या संकरित गाडीच्या बाबतीत असेच झाले. खडबडीत वा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो अशा तक्रारी आल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीने चार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. सुधारले ते एबीएसचे सॉफ्टवेअर. ब्रेक दुरुस्त करायचा म्हणजे पाना हातात घ्यायचा, ही आपली समजूत तेव्हापासून जुनी झाली.

वीज गेली तर?

वर्गात हा विषय काढलात तर मुले हाच प्रश्न आधी विचारतील, आणि तो योग्यच आहे. पाय आणि पॅड यांची फारकत झाली, डब्यातली वीज गेली, आता काय?

उत्तर झडपांच्या रचनेत आहे. विजेच्या झडपा दोन प्रकारच्या असतात. काही वीज नसताना उघड्या असतात आणि वीज दिली की बंद होतात. काही याच्या उलट. मास्टर सिलिंडरकडून चाकांकडे जाणारी वाट बंद करणाऱ्या झडपा मुद्दाम पहिल्या प्रकारच्या घेतात, आणि स्प्रिंगच्या कप्प्याची झडप दुसऱ्या प्रकारची. वीज गेली की पहिल्या आपोआप उघडतात, दुसरी आपोआप मिटते, आणि पायाखालचे तेल थेट चाकांकडे जाऊ लागते. कुणी काही ठरवावे लागत नाही. झडपांमधल्या स्प्रिंगा ते करतात. आपण पुन्हा पास्कलच्या दोन सिरिंजांपाशी येतो. आम्हाला या साऱ्या यंत्रात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

अर्थात आता बूस्टरची मदत नसते. मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा १३-एच क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार यंत्रणा धड असताना ताशी १०० किलोमीटरवरून गाडी ७० मीटरांत थांबली पाहिजे. मदत बंद पडली, तरी पेडलवर ५०० न्यूटन जोर देऊन, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाने अख्खे वजन टाकावे एवढ्या जोराने, ती १६८ मीटरांत थांबली पाहिजे. ही दोन अंतरे शाळेच्या मैदानावर किंवा जवळच्या सरळ रस्त्याकडेला पावलांनी मोजून दाखवा. ७० आणि १६८ या आकड्यांमधला फरक चालल्यावर जसा कळतो तसा वाचून कळत नाही.

जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने २००१ मध्येच पेडलची आज्ञा विजेने नेणारी ब्रेक यंत्रणा गाड्यांत बसवली होती. तिच्यातही बिघाड झाल्यास पाय थेट पुढच्या चाकांना जोडला जाईल अशी सोय होती. तरीही २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे दोनेक वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. पायाशी थेट संबंध उरला आहे, एवढ्याने लोकांचे समाधान होत नाही; तो मदतीशिवायचा संबंध वापरण्याची वेळ क्वचितच यावी लागते. आजचे डबे त्या अनुभवातून शिकले आहेत.

आता थोडे आपल्या हवामानाविषयी. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. ते बहुधा ग्लायकॉल जातीच्या रसायनांचे असते आणि हवेतली वाफ शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ऑइल २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा काय करतो ते आपण सिरिंजमध्ये पाहिलेच. विजेच्या गाडीत ब्रेक कमी तापतात म्हणून ऑइल बदलायचे नाही, हा गैरसमज धोक्याचा आहे. ओलावा शोषणे काही थांबत नाही. उलट तबकड्यांचा वापर कमी झाल्याने नवीच अडचण येते. पावसाळ्यात लोखंडी तबकडीवर रात्रीतून तांबूस गंज चढतो. पेट्रोलच्या गाडीत तो पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये घासून जातो, विजेच्या गाडीत दिवसचे दिवस राहू शकतो. म्हणून काही गाड्यांत डबा अधूनमधून मुद्दाम मोटरऐवजी पॅड वापरून तबकडी साफ करतो. फोक्सवॅगनने तर २०२० साली आलेल्या आपल्या आयडी.३ या विजेच्या गाडीला मागे जुन्या पद्धतीचे, बंद डबीतले ड्रम ब्रेकच दिले.

पेडलवर पायच नसेल तेव्हा

आतापर्यंतचा सारा हिशेब चालकाचा पाय जागेवर आहे असे धरून झाला. आता काही गाड्या स्वतःहून ब्रेक लावतात. समोरच्या वाहनाचे अंतर रडार आणि कॅमेरा मोजतात आणि टक्कर होणार असे दिसले की डब्याला सांगतात. आपल्याकडे २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ही सोय होती. डब्याचे दीडशे मिलिसेकंद येथे विशेष कामाला येतात, कारण यंत्राला दचकायला वेळ लागत नाही. माणसाला पाय उचलून पेडलवर ठेवायलाच सेकंदभर लागतो, आणि तेवढ्यात साठच्या वेगाला गाडी जवळजवळ सतरा मीटर पुढे गेलेली असते. तरी या गाड्यांत शेवटची जबाबदारी चालकाचीच असते. डबा बंद पडला तर लाल दिवा लागतो आणि पाय मदतीला येतो.

पूर्ण स्वयंचलित गाडीत मात्र पाय मदतीला येईल असे धरताच येत नाही. आत बसलेला माणूस कदाचित झोपलेला असेल. कदाचित आत कुणीच नसेल. झडपा उघडून तेलाची वाट पायाकडे मोकळी केली, पण दाबायला पायच नाही! पास्कलचा आधार येथे तुटतो. म्हणून अशा गाडीला दुसरा डबा लागतो. त्याचा मेंदू वेगळा, पंप वेगळा आणि, सर्वांत महत्त्वाचे, वीजही वेगळी. कारण एकाच तारेवर दोन्ही डबे लटकत असतील तर ती तार तुटल्यावर दोन असून उपयोग काय? पहिला डबा पडला की दुसरा गाडी सांभाळून कडेला थांबवतो. एकत्र करून जे वजन आणि जी जागा वाचवली, ती दुसरा डबा बसवताना काही अंशी परत द्यावी लागते.

भारतात चालकाविना गाड्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आयआयएम नागपूरच्या ‘झिरो माइल संवाद’ या कार्यक्रमात सांगितले. त्यांनी दिलेले कारण चालकांच्या रोजगाराचे होते, ब्रेकचे नव्हे. पण आमच्या मते या मुद्द्याला तांत्रिक बाजूही आहे. दुसऱ्या डब्याचा खर्च कोण करणार आणि दहा वर्षे जुन्या गाडीत तो शाबूत आहे हे कोण तपासणार, हे ठरल्याशिवाय पाय काढून घेणे शहाणपणाचे नाही.

तेलच नको, असाही एक विचार पुढे आला आहे. प्रत्येक चाकाजवळ एक विजेची मोटर ठेवायची आणि तिनेच पॅड दाबायचे; नळ्या नाहीत, कुपी नाही, हवा काढणे नाही. जानेवारी २०२५ मध्ये झेडएफ कंपनीने सुमारे पन्नास लाख गाड्यांसाठी अशा ब्रेकचे काम मिळाल्याचे जाहीर केले. मात्र त्या गाड्यांत मागच्या चाकांनाच कोरडे ब्रेक असतील. पुढची चाके तेलाच्या डब्यालाच जोडलेली राहणार आहेत. गाडी जोरात थांबताना तिचा भार पुढच्या चाकांवर सरकतो. बसने ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांनाच करावे लागते. जिथे काम जास्त, तिथे अभियंत्यांनी सध्या तेल ठेवले आहे.